कल्ले चिमट्याने, पाय हाताने

५ जून

वन्सं,

नमस्कार. तुम्ही म्हणता फोन करत जा, पत्रं कोण लिहितं आता. पण तुम्ही बोलता आणि मी ‘हं’ म्हणते, हे तुमच्या हाताखाली लागल्यापासून एकोणीस वर्षं चाललंय, आता फोनवरही तेच. लिहिताना निदान माझं वाक्य पुरं होतं.

बातमी अशी की नवीन साहेबांनी तुमचे शिंपले बाहेर काढले. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये अगदी तळाच्या खणात सात शिल्लक होते, न उघडलेले, बारा वर्षांपूर्वी पाणबुडीने दोन किलोमीटर खोलीवरून आणलेल्यांपैकी. पिशवीवर तुमचं अक्षर. साहेबांचा तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही हो. नवीन यंत्र आलंय, त्याची पारख करायला ओळखीचा माल हवा होता, एवढंच. कापले मीच. मला इथे अजून सगळे चिमटाबाई म्हणतात, आणि साहेबही परवा चुकून तसंच म्हणाले.

तर यंत्राच्या कागदावर प्रत्येक चरबीचा एक सुळका उमटतो; ते सगळे जागच्या जागी आले, एक सोडून. आपला सुळका नाही.

जेवताना तुमच्या दादांनी विचारलं, सुळका नाही म्हणून तोंड एवढंसं कशाला? मग त्यांना पहिल्यापासून सांगितलं. हे शिंपले अंधारात राहतात, त्यांचं पोट नावालाच असतं. पाय चिखलात खुपसून ते सडक्या अंड्याच्या वासाचा वायू ओढतात, तो कल्ल्यात राहणाऱ्या जीवाणूंना देतात, आणि जीवाणू त्यावर अन्न शिजवतात. म्हणून शिंपल्याच्या अंगातली चरबी बहुतेक जीवाणूंच्या वळणाची असते. पण वन्संना त्यात एक अशी चरबी सापडली जी फक्त उजेडातल्या झाडापाल्यात तयार होते. म्हणजे शिंपला वरून पडलेलंही खातो. यावर त्यांचं पुस्तक झालं, त्यावर त्यांना तिथली मोठी खुर्ची मिळाली. हे ऐकून दादा म्हणाले, “म्हणजे धाकटीची खुर्ची एका सुळक्यावर उभी आहे.” आणि पुन्हा भात घेतला.

साहेबांनी आणखी एक सांगितलं. कापायची तुमची पद्धत लिहून काढा, म्हणाले, नवीन मुलांसाठी छापू, तुमच्या नावाने. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. तुमच्या पुस्तकात शेवटच्या पानावर ‘आणि इतर सहकारी’ असं आहे, त्यातली इतर मी आहे हे मी दरवेळी बोट ठेवून लोकांना दाखवते. एकदा बोट न ठेवता दाखवता आलं तर बरं वाटेल. जाण्याआधी तेवढं एक हवंय मला.

सुळक्याचं साहेबांना काय सांगू?

तुमची
वहिनी


११ जून

वहिनी,

पत्र वाचून हसू आलं. नवीन माणूस आला की आधी जुन्याने बांधलेली भिंत ठोकून बघतो. ठोकू दे.

उत्तर सोपं आहे. बारा वर्षांत चरबी खवट होते, मग ती कितीही थंडीत ठेवा. नाजूक असते ती आधी जाते. साहेबाला एवढं सांग, तो गप्प बसेल. आणि पद्धत वगैरे लिहायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, सावकाश बघू, मीच तुला नीट लिहून देईन.

त्या काळातल्या वह्या, निदान तिसरी, मला पाठवून दे. नवीन आवृत्तीसाठी लागते आहे. त्या तशा माझ्याच आहेत, तिथे पडून काय उपयोग. ऑगस्टमध्ये नव्या समुद्रमोहिमेचा प्रमुख कोण हे ठरणार आहे आणि माझं नाव सगळ्यात वर आहे. त्यामुळे या दोन महिन्यांत कुणी उगाच खडे टाकायला नकोत.

आणि अगं, असलं काही लिहू नकोस. फोन कर.

दादाला गोळ्या वेळेवर देतेस ना?

मी


२४ जून

वन्सं,

साहेबांना खवटपणाचं सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, “शिंपल्याची स्वतःची चरबीही तितकीच नाजूक आहे. ती बारा वर्षं धडधाकट राहिली, मग ही एकटीच कशी गेली?” त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जड गेलं. कोऱ्या कुपीचे जुने कागद बघायला मागितले.

ते तिसऱ्या वहीतच चिकटवलेले, आणि ती वही मी घरी आणली होती, तुम्हाला पाठवायला म्हणूनच. पाकिटात घालायच्या आधी चाळली. तिथे फसले.

कोऱ्या कुपीचं महत्त्व तुम्हीच मला शिकवलंत. मांस सोडून सगळं तेच: तेच द्रावण, तेच बूच, तेच हात. त्यात यंत्राला काही दिसलं तर ते शिंपल्याचं नाही, आपलं. तर फेब्रुवारीच्या एका कोऱ्या कुपीत आपला सुळका आहे. लहान आहे, पण आहे. बाजूला तुमचं अक्षर: ‘यंत्राची खोड. सोडून द्यावे.’ त्यानंतर तुम्ही म्हणालात की द्रावण वाया जातंय, कोरी कुपी आता महिन्यातून एकदाच. तुम्ही म्हणालात म्हणजे ते बरोबरच, असं मी धरून चालले.

आता पुढचं. मी त्या वहीत प्रत्येक तुकड्यापुढे तो कशाने धरला ते लिहीत असे. कल्ला, चिमटा. पाय, हात. कल्ला दुधावरच्या सायीसारखा, चिमट्यानेच उचलावा लागतो. पाय चिवट आणि निसरडा, तो बोटांत घट्ट धरल्याशिवाय सुरी चालत नाही. आणि वन्सं, आपली चरबी फक्त पायात आहे. कल्ल्यात नाही.

तुमच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण यावरच आहे. जीवाणू राहतात कल्ल्यात, ही चरबी मात्र पायात, म्हणजे ती जीवाणूंची नाही, शिंपल्याने स्वतः खाल्लेली आहे. किती सुंदर वाटलं होतं मला ते वाचताना. आता बघा. त्या हिवाळ्यात क्लोरोफॉर्मने माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं. हातमोजे संपले होते, तुम्ही म्हणालात नवीन येईपर्यंत जुने धुवून वापर. बोटांच्या टोकांना ते फाटलेले असायचे. आत मी मलम चोपडायचे, सूर्यफुलाच्या तेलाचं. उजेडात वाढलेल्या झाडाची चरबी तुम्हाला सापडली ती खरीच होती, फक्त ती समुद्रात वरून पडलेली नव्हती.

तीन दिवस नीट जेवले नाही. चूक माझ्या हाताची आहे, ती मी पदरात घेते. कोऱ्या कुपीची तुमची आहे, ती तुम्ही घ्या. दोघींनी मिळून साहेबांना सांगू, दोघींनी मिळून छापू. शास्त्रात चूक कबूल करणाऱ्याची मान खाली जात नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. वही मात्र आत्ता पाठवत नाही, साहेबांना दाखवावी लागेल.

तुमची
वहिनी


२ जुलै

माझी गुणी वहिनी,

किती सरळ आहेस गं तू. तुझ्या जागी दुसरी असती तर मलमाचा ‘म’सुद्धा काढला नसता. दोनदा वाचलं तुझं पत्र, आणि डोळ्यांत पाणी आलं.

पण जरा शांतपणे विचार कर. मलम लावल्याचं मला कुठे माहीत होतं? तू कधी बोलली नाहीस. मला ते आज कळतंय, तेही पत्रातून. कोऱ्या कुपीबद्दल म्हणशील तर मला असं काही लिहिल्याचं आठवत नाही. बारा वर्षांपूर्वीचं अक्षर, कुणाचंही असू शकतं.

तरीही आपण प्रामाणिकपणेच वागायचं. तू मला दोन ओळी लिहून दे: हातमोज्यांत मलम लावलं, कुणाला सांगितलं नाही, त्याने नमुने बिघडले असावेत. तुझ्या शब्दांत, तुझ्या सहीने. मी ते माझ्याजवळ ठेवीन आणि योग्य तिथे योग्य रीतीने मांडीन. तुझ्या केसाला धक्का लागू देणार नाही. साहेबाकडे तू एकटी गेलीस तर तो तुला कच्ची खाईल. मोठ्या लोकांशी कसं बोलायचं ते माझ्यावर सोड.

तुला आठवण करून द्यायची म्हणून नाही, पण दादा दोन वर्षं घरी बसला होता तेव्हा तुला तिथे चिकटवलं ते मी. नाहीतर तू कुठल्या तरी ऑफिसात कागदांना टाचण्या मारत बसली असतीस. आणि तुझ्याशिवाय माझं पानही हललं नसतं, हेही मी कधी नाकारलं नाही. आपण दोघी म्हणजे तो शिंपला आणि ते जीवाणू. एकीवाचून दुसरी नाही.

दादाशी फोनवर सविस्तर बोलले आहे. त्याला पटलंय.

तुझी
मी


१६ जुलै

वन्सं,

परवा तुमच्या दादांनी पाकीट स्वतः नेऊन टाकलं. एरवी त्यांना दूध आणायला पाठवायचं तर तीन हाका माराव्या लागतात, त्या दिवशी दहा वाजताच बूट घालून तयार. माझी दोन ओळींची चिठ्ठी तुम्हाला मिळाली असेल.

पण ती चिठ्ठी अशी नव्हती, हे तुम्हाला कळायला हवं. आधी मी दीड पान लिहिलं होतं. मलमाचं लिहिलं, फाटक्या मोज्यांचं लिहिलं, पायाचं आणि कल्ल्याचं लिहिलं, कोऱ्या कुपीचंही. दादा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोर येऊन बसले. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “पहिला परिच्छेद झकास. दुसरा कशाला?” मी म्हटलं, दुसरा खरा आहे म्हणून. ते म्हणाले, “खरा असला म्हणून काय झालं? तिने दोन ओळी मागितल्या आहेत. बहिणीचं आयुष्य आहे ते.” कोरा कागद आणून पुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी टोपण काढलेलं मला आठवत नाही.

मी म्हणत होते, हे हात दाखवून अवलक्षण होईल. ते म्हणाले, “घरच्याच माणसाला लिहून देतेस, कोर्टात नाही.” मग लिहून दिलं. घरचं माणूस म्हणून दिलं, हे लक्षात असू द्या.

दुसरा परिच्छेद तुम्ही तुमच्या बाजूने घालाच. साहेब सध्या बाहेरगावी आहेत, ऑगस्टच्या मध्यात येतील. ते आले की वही घेऊन जाईन. माझ्या पद्धतीची चार पानं लिहून झाली आहेत, पाय कसा धरायचा ते आता वेगळं लिहिलंय. जाण्याआधी साहेबांनी पहिली पानं वाचून ‘छान’ असं समासात लिहिलं होतं.

तुमचं उत्तर लवकर यावं.

वहिनी


९ ऑगस्ट

प्रति,
प्रयोगशाळा सहायिका

विषय: नमुने दूषित झाल्याबाबत.
संदर्भ: आपले दि. १४ जुलैचे लेखी निवेदन.

महोदया,

उपरोक्त निवेदनात आपण मान्य केल्याप्रमाणे, नमुने हाताळताना आपण वरिष्ठांना न कळवता मलमाचा वापर केला व त्यामुळे सदर संशोधनातील काही निष्कर्ष बाधित झाले. ही बाब समजताच मी संबंधित नियतकालिकास दुरुस्तीपत्र पाठवले असून ते चालू अंकात प्रसिद्ध होत आहे. त्यात आपले निवेदन आपल्या नावासह उद्धृत करणे नियमानुसार आवश्यक होते. पत्राची प्रत आपल्या विभागप्रमुखांना स्वतंत्रपणे पाठवली आहे.

आपली,
विभागप्रमुख


(सोबतची चिठ्ठी)

वहिनी, वरचं कागदोपत्री आहे, मनाला लावून घेऊ नकोस. असं लिहावंच लागतं. आपणहून चूक जाहीर केली म्हणून इथे सगळे माझं कौतुकच करतायत, आणि मोहीम मला मिळाली. तिसरी वही तुझ्या निवेदनाच्या पाकिटातच मिळाली, दादाला माझे आभार सांग, किती व्यवस्थित बांधली होती. तूही शहाणपणाने घेतलंस याचं फार बरं वाटलं.

एक काम होतं. इथल्या मुलांना कापता येत नाही गं, कल्ल्यांचा चेंदा करतात. नवीन माल यायच्या आत महिनाभर येऊन जा, त्यांना शिकव. राहायला माझ्याकडेच. मागची बाल्कनीची खोली रिकामी असते.


३० ऑगस्ट

वन्सं,

तुमची चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं तुमचा घोटाळा झालाय. वही तर माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होती. जाऊन बघितलं. साड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

दादा पेपर वाचत होते. मी विचारलं, वही कुठे आहे? ते म्हणाले, “तिचीच होती, तिला पाठवली.” मी म्हटलं, त्या वहीत माझी बाजू होती, तेवढी एकच होती. त्यांनी पेपर खाली केला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, “तिला जग ओळखतं. तुला कोण ओळखतं? तुझं काय जाणार होतं?” रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते खरंच विचारत होते.

तर काय गेलं ते तुम्हाला दोघांनाही सांगून ठेवते, कारण ते तुम्हाला माहीत असायला हवं.

अंक आला. साहेबांनी खोलीत बोलावून तो उघडा पुढे ठेवला. एकोणीस वर्षांत माझं नाव पहिल्यांदा छापून आलं आहे, पूर्ण, आडनावासकट. आडनाव तुमचंच आहे, वन्सं. तुम्ही लग्न केलं नाहीत म्हणून ते तुमचं राहिलं आणि मी केलं म्हणून माझं झालं. एकाच पानावर दोनदा आलंय, एकदा प्रामाणिकपणासाठी आणि एकदा निष्काळजीपणासाठी.

मी साहेबांना सगळं सांगितलं. पाय, कल्ले, मोजे, कोरी कुपी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, “माझा विश्वास आहे तुमच्यावर. पायाचं तुम्ही म्हणता ते इतकं बरोबर आहे की कुणाला बनवून सांगता येणार नाही. पण मी दाखवू काय? तुमची सही असलेला कागद त्यांच्याकडे आहे, आणि तुमच्याकडे काहीच नाही.” पद्धतीची चार पानं त्यांनी परत दिली. आत्ता छापली तर लोक हसतील म्हणाले, आणि मान खाली घातली. ते वाईट नाहीत. सोमवारपासून मला भांडारात बसवलंय. कुपी मोजून देते, बुचं मोजून घेते. शिंपल्यांना हात लावायचा नाही. नवीन आलेली मुलगी काल कल्ला बोटांनी उचलत होती, ते दारातून दिसलं. मी काही बोलले नाही, आणि नंतर दिवसभर त्याचीच चुटपूट लागून राहिली.

मला राग तुमचा आलाच आहे, तो मी लपवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण संन्याशाकडून आधी दोन ओळी लिहून घेतात हे तुमच्यामुळे कळलं. तुम्ही शिंपल्याची आणि जीवाणूंची उपमा दिली होतीत. ती वाचून मी वेडी चार दिवस खुशीत होते. पण एवढी वर्षं त्यांचीच चरबी काढत आले आहे, मला तरी कळायला हवं होतं. शिंपला जीवाणूंना घर देतो, वायू देतो, जपतो, वाढवतो, आणि मग सावकाश पचवतो. शिंपल्याच्या अंगावरची चरबी मुळात कुणाची, हे तुमच्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. ते प्रकरण अजून बरोबर आहे. त्यातले सगळे तुकडे मी चिमट्याने धरले होते.

मोहीम मिळाली, अभिनंदन. शिकवायला मी येणार नाही. तुमच्या मुलांनी चेंदा केला तर करू दे, निदान तो त्यांचा स्वतःचा असेल.

माझ्याऐवजी तुमचे दादा येत आहेत. शनिवारी सकाळी साडेनऊच्या गाडीने पोचतील. स्टेशनवर कुणाला तरी पाठवा, त्यांना एकट्याने पत्ता सापडत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, पांढरी अर्धी रात्री. मीठ कमी. चहा गार झाला तर पीत नाहीत आणि गरम असला तर प्यायला विसरतात, तेव्हा समोर उभं राहावं लागतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. वाचायला काही दिलंत तर पहिला परिच्छेद आवडीने वाचतात. बाकी माणूस सोपा आहे, त्याला फक्त कुणाची तरी बाजू घ्यायला लागते, आणि आता तुम्ही दोघं एकाच घरात असाल म्हणजे त्यांची ओढाताण होणार नाही. बाल्कनीची खोली रिकामी आहे असं तुम्ही लिहिलंच आहे.

आधी त्यांना वाटलं मी रागाच्या भरात बोलतेय. मग मी माळ्यावरून मोठी बॅग काढली. किती दिवसांचे कपडे घेऊ, असं ते विचारत होते. मी सगळे भरले आहेत.

वहिनी